आम्ही ठरवलं की आपण ठरवलं?



मागच्या चातुर्मासानंतर बरेच दिवस इथे काहीच लिहिलं नाही. काही जणींनी विचारलंही. कारण आज सांगते, आणि बाईंना विचारूनच सांगते. बाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय 79, माहेर अमळनेरचं. कार्तिकी पौर्णिमेनंतर महासतीजींचा जळगावातून विहार झाला आणि त्याच आठवड्यात बाईंचे रिपोर्ट आले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, तोही पसरलेला. डॉक्टरांनी जेठजींना आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, वर्षांचा हिशोब करू नका, महिन्यांचा करा. मग विचारलं, "आजींना कोण सांगणार? तुम्ही की मी?"

जेठजी म्हणाले, "कोणीच नाही."

रात्री ओटा आवरून झाल्यावर सगळे बसलो. "आम्ही ठरवलंय," जेठजी म्हणाले, "बाईला ॲसिडिटी आहे एवढंच सांगायचं." पुण्याहून नणंदबाई फोनवर होत्या. त्यांचं म्हणणं उलट, शरीर तिचं आहे, तिला कळायलाच हवं. जाऊबाई गप्प. मीही गप्पच होते, पण एक गोष्ट आत टोचत होती. बाई बारा व्रतं घेतलेल्या श्राविका. गेली कित्येक वर्षं रात्री झोपण्याआधी सागारी संथारा घेतात. शेवट जवळ आलाय हे त्यांना कळलंच नाही, तर आलोचना कधी करणार? खमतखामणा कोणाकोणाशी करणार? जेठजी त्यांचं दुःख वाचवत होते आणि त्याबरोबर त्यांची तयारीही काढून घेत होते.

मी एवढं बोलले तर जेठजींनी शास्त्रच काढलं. दशवैकालिक सूत्राच्या सातव्या अध्ययनात आहे, काण्याला काणा म्हणू नये, रोग्याला रोगी म्हणू नये, चोराला चोर म्हणू नये. आहे खरं तसं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं एम.ए. तत्त्वज्ञानातलं, पण ती पुस्तकं लग्नानंतर माळ्यावर गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी शिडी लावली.

आपल्याकडे या प्रश्नावरची सगळ्यात जुनी गोष्ट मला उपासकदशांग सूत्रात सापडली. व्याख्यानात तुम्हीही ऐकली असेल. राजगृहीचा श्रावक महाशतक संथाऱ्यात होता, त्याला अवधिज्ञान झालं होतं. त्याची पत्नी रेवती मांस-मदिरेच्या आहारी गेलेली. ती पौषधशाळेत येऊन त्याला पुन्हा पुन्हा त्रास द्यायला लागली. शेवटी चिडून तो म्हणाला, सात दिवसांत तू अलसक रोगाने मरशील आणि नरकात जाशील. बोललेलं शब्दन्‌शब्द खरं होतं. तरीही भगवान महावीरांनी गौतमस्वामींना त्याच्याकडे पाठवलं आणि आलोचना करून प्रायश्चित्त घ्यायला सांगितलं. संथाऱ्यात बसलेल्या श्रावकाने खरं असलं तरी असं अप्रिय, घाबरवणारं बोलायचं नसतं. महाशतकाने प्रायश्चित्त घेतलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, झालं, जेठजी जिंकले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की ते प्रायश्चित्त रेवतीला मरण कळलं म्हणून नव्हतं. रागात, तिला चिरडायला सांगितलं म्हणून होतं. दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारातही सत्याणुव्रताचा अर्थ असाच लावलाय. मोठं खोटं बोलायचं नाही, आणि दुसऱ्यावर संकट आणणारं खरंही बोलायचं नाही. म्हणजे आपल्याकडे सत्याला अहिंसेचा हात धरून चालावं लागतं.

आता अमळनेरकडे येते, कारण हाच प्रश्न आपल्या खान्देशात शंभर वर्षांपूर्वी टेबलावर मांडून अभ्यासला जात होता आणि आपल्यातल्या बहुतेक जणींना त्याचा पत्ताही नाही. अमळनेर म्हटलं की सखाराम महाराजांची यात्रा आणि प्रताप मिल. त्याच मिलच्या प्रतापशेठजींनी 1916 साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. देशभरातून विद्वान बोलवायचे, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करायची, आणि त्यांनी पूर्वेचं आणि पश्चिमेचं तत्त्वज्ञान शेजारी ठेवून विचार करायचा. बोरी नदीकाठच्या मिलच्या गावात हे! घनश्यामदास मलकाणी यांनी वर्षानुवर्षं ते सांभाळलं. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य 1933 ते 1935 तिथे संचालक होते. अनेकांतवादावरचा त्यांचा 1925 सालचा इंग्रजी निबंध अजूनही अभ्यासक वाचतात. मलकाणी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती अशा तिघांनी मिळून 1933 साली एक ग्रंथ काढला, त्याचं नाव 'अज्ञान'. तीन पंडित आणि विषय अज्ञान, मला हे फार आवडतं.

बाई लहानपणी त्या आवारावरून जायच्या. त्यांचे वडील सांगायचे, इथे मोठी माणसं बसून विचार करतात. "नुसता विचार? आणि त्याचे पैसे मिळतात?" असं बाईंनी विचारलं होतं म्हणे. व्यापाऱ्याच्या मुलीला पडणारच तो प्रश्न.

त्या काळी पश्चिमेचं तत्त्वज्ञान शिकायचं तर जर्मनीच्या इमॅन्युएल कांटला टाळून जमायचं नाही. खरं बोलण्याबद्दल कांट फार कडक. 1797 साली एका फ्रेंच लेखकाला उत्तर देताना त्याने लिहिलं, की तुमचा मित्र घरात लपलाय आणि खुनी दारात येऊन त्याचा पत्ता विचारतोय, तरीसुद्धा खोटं बोलायचा अधिकार तुम्हाला नाही. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. आपल्याकडे महाभारताच्या कर्णपर्वात नेमका उलटा निकाल आहे. कौशिक नावाच्या ब्राह्मणाने चोरांना लपलेल्या लोकांची वाट खरी खरी सांगितली, ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. इंग्लंडच्या बेंथम आणि मिल यांचं गणित आणखी वेगळं, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख कशात ते बघा. म्हणजे पश्चिमेतही एकमत नाही. आणि आशियात? चीनच्या कन्फ्यूशियसला एका सरदाराने अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे बापाने मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो. कन्फ्यूशियस म्हणाला, आमच्याकडे बाप मुलाला झाकतो आणि मुलगा बापाला, सरळपणा त्यातच आहे. जेठजींना हे वाचून दाखवलं असतं तर त्यांनी कन्फ्यूशियसचा फोटोच लावला असता.

नणंदबाईंना वाटत होतं, परदेशात पेशंटला सगळं सांगतात, मागासलेले आपणच. तेही अर्धंच खरं निघालं. 1961 साली शिकागोच्या एका रुग्णालयातल्या 219 डॉक्टरांना विचारलं होतं, कॅन्सर असल्याचं पेशंटला सांगता का? जवळजवळ 90 टक्के म्हणाले, शक्यतो नाही. 1979 साली पुन्हा तोच प्रश्न अमेरिकेत विचारला, तेव्हा 97 टक्के म्हणाले, सांगतो. कांट जाऊन तेव्हा दीडशे वर्षं उलटली होती. उपचार सुधारले, पेशंट स्वतःचा हक्क मागायला लागले, आणि अठरा वर्षांत पद्धत पार उलटी झाली. पूर्व-पश्चिम अशी पक्की भिंत नाहीच ती.

या सगळ्यात फिलिपिन्स कुठून आलं ते सांगते. त्याचा धागाही अमळनेरहूनच निघतो. 1923 साली तत्त्वज्ञान मंदिरात पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण अभ्यासाला आला. पंडितांच्या चर्चेत त्याचं मन रमलं नाही. 1924 मध्ये तो तिथल्याच शाळेत मास्तर झाला आणि वसतिगृहातल्या मुलांची आई झाला. तेच साने गुरुजी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवार, विनोबांनी कैद्यांसमोर गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली आणि गुरुजींनी ती उतरवून घेतली. घरोघरी असलेली 'गीता प्रवचने' ती हीच. माझं माहेर धुळ्याचं, त्यामुळे हे सांगताना थोडी मान ताठ होते, माफ करा.

पुढे 1958 साली फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने रॅमन मॅगसेसे पुरस्कार सुरू झाला, आणि लोकनेतृत्वाचा पहिलाच मान विनोबांना मिळाला. 2011 मध्ये तोच पुरस्कार अमळनेरच्या शेजारच्या पारोळा तालुक्यात, बहादरपूरला आला. नीलिमाताई मिश्रांना, बायकांचे बचतगट आणि त्यांच्या हातच्या गोधड्या यांसाठी. मनिलाच्या लोकांना आमच्या खान्देशात असं काय दिसतं, असं मला नेहमी वाटायचं.

उत्तर भाच्याकडून मिळालं. माझ्या भावाचा मुलगा फिलिपिन्समध्ये दावाओला डॉक्टरकी शिकतोय. (वहिनी पहिलं वर्षभर रडायची, तिथे सगळ्यात मासे म्हणून. आता तो स्वतः खिचडी करतो.) त्याला फोनवर बाईंचं सांगितलं तर म्हणाला, "भुआ, इथेही घरचे असंच करतात, आधी आम्हाला सांगा म्हणतात. पण इथे एक शब्द आहे, काप्वा." काप्वा म्हणजे दुसरा माणूस, पण परका नाही, माझ्यातच मिसळलेला दुसरा. अमेरिकी अभ्यासकांनी फिलिपिनो माणसाचं वर्णन केलं ते भिडस्त, लाजाळू, सगळ्यांशी जुळवून घेणारा असं. मनिलाचे मानसशास्त्रज्ञ व्हर्जिलियो एन्रिकेझ 1971 मध्ये अमेरिकेहून शिकून परतले आणि म्हणाले, हे वरवरचं आहे, मुळाशी काप्वा आहे. तिथे आणखी एक गुण मानतात, पाकिकिरामदाम. समोरच्याने न बोललेलं त्याच्या बाजूने जाणवून घेणं. काय करायचं ते नियमावरून किंवा फायद्या-तोट्यावरून ठरवण्याआधी, या माणसाला आत काय चाललंय ते चाचपायचं. तिथेही या नावाखाली दडपादडपी होत असणार, उपकाराच्या ओझ्याने माणसं वाकतही असणार. पण मला तो शब्द सोडेना.

भाच्याने आणखी एक सांगितलं. त्यांच्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत, तायो आणि कामी. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. मराठीत आपल्याकडे दोन, आणि घरी बोलतो त्या मारवाडीतही दोन, आपां आणि म्हे. मला जेठजींचं वाक्य आठवलं. "आम्ही ठरवलंय." त्या 'आम्ही'त बाई नव्हत्या. नणंदबाईंच्या 'तिला सांगा'मध्येही बाई एकट्याच पडत होत्या. दोन्हीकडे 'आपण' कुठेच नव्हतं.

विनोबांचं शेवटचं पानही मी जेठजींना सांगितलं. त्यांच्याच प्रेरणेने जिनेंद्र वर्णीजींनी 'समणसुत्तं' संकलित केलं आणि 1974 साली चारही संप्रदायांनी ते मान्य केलं, हे आपल्याला माहीत आहे. नोव्हेंबर 1982 मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि 15 तारखेला, दिवाळीच्या अमावास्येला, म्हणजे वीर निर्वाणाच्याच दिवशी देह ठेवला. जेठजींना म्हटलं, त्यांना ॲसिडिटी आहे म्हणून सांगितलं असतं तर? ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तू विचार. सांगू नको, विचार."

प्रत्येक घरात सांगूनच टाका असं मी म्हणत नाहीये. माझ्या आईचा स्वभाव वेगळा होता, तिच्या बाबतीत मी कदाचित गप्प राहिले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची सामायिक झाल्यावर मी शेजारी बसले. म्हटलं, "बाई, रिपोर्टमधलं तुम्हाला किती ऐकायचंय?" त्यांनी मुहपत्तीची घडी घातली. म्हणाल्या, "आपां किती दिवस नाटक करायचं?" मग मला आतल्या खोलीत नेऊन कपाट उघडून दाखवलं. पितळी डब्यांवर चिकटपट्टी लावून नावं लिहिलेली होती, नणंदबाईंचं, जाऊबाईंचं, माझं. आठवडाभरापूर्वीच लिहून झालं होतं म्हणे. दारात जेठजी उभे होते. त्यांना बघून बाई म्हणाल्या, "इकडे ये, बस. खरं बोलायला तू चार दिवस घेतलेस, लहानपणी तर बरणी फुटल्याबरोबर सांगायचास." आणि एवढा मोठा माणूस आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला.

त्या दुपारी बाईंनी वही मागितली. खमतखामणा कोणाकोणाशी राहिलाय त्याची यादी. एकोणीस नावं निघाली. काही फोनवर झाली, दोघांसाठी भुसावळला जाऊन आलो. सगळ्यात अवघड नाव शेजारच्या वाड्यातल्या काकूंचं होतं. गच्चीवर पापड वाळत घालायच्या जागेवरून अकरा वर्षं दोघींचं बोलणं बंद. काल संध्याकाळी, चौविहाराच्या आधी, त्या स्वतःच वाटीभर मुगाचा शिरा घेऊन आल्या. बाईंनी दोन चमचे खाल्ला आणि मला म्हणाल्या, वहीतलं त्यांचं नाव खोड, आणि गच्चीची किल्ली त्यांना देऊन टाक.