वारल्यांचा चौक आणि रेघेंतलें अवधान

वसईचा इतिहास म्हटला कीं चिमाजी आप्पा, १७३९ चा वेढा, पोर्तुगीजांचीं पडकीं देवळें आणि खाडीच्या तोंडावरचा तो भग्न कोट, हींच दृश्यें सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम उभीं राहतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. किल्ल्याला दगड असतात, तहाला कागद असतो. उत्तर कोंकणाची ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां त्यांच्या हातीं जुनें हस्तलिखित होतें. परंतु ज्या पालघर जिल्ह्यांत २०१४ पासून वसईचा समावेश होतो, त्याच जिल्ह्यांत एक जमात अशी आहे कीं जिनें आपलें जीवन कागदावर नव्हे, तर शेणामातीच्या भिंतीवर लिहून ठेविलें, आणि ती भिंत पुन्हा लिंपतांना तें पुसूनहि टाकलें. ही जमात वारल्यांची. विरारहून सुटणारी लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत जाते. डहाणूच्या पूर्वेकडील आणि तलासरी, जव्हार, विक्रमगड ह्या भागांतील पाडे हें त्यांचें माहेरघर होय.

आजकाल शहरांतील थकल्या माणसास असा सल्ला वरचेवर मिळतो कीं, कागद घ्या, मनांत येईल तें रेखाटा, चित्र चांगलें वठतें कीं नाहीं ह्याकडे पाहूं नका. हात आणि डोळा एका जागीं राहिले म्हणजे मनहि तेथें राहील. हा सल्ला खोटा नाहीं. अमेरिकेंतील ड्रेक्सेल विद्यापीठांत गिरिजा कैमल व त्यांचे सहकारी ह्यांनीं ३९ प्रौढांना ४५ मिनिटें चित्र, माती वा कात्रणें ह्यांत मनसोक्त रमूं दिलें व त्यांच्या लाळेंतील कॉर्टिसोल, म्हणजे मनावरील ताणाबरोबर वाढणारें द्रव्य, आधीं आणि नंतर मोजलें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें सुमारें तीनचतुर्थांश लोकांत तें उतरलें होतें, आणि पूर्वीचा सराव असणाऱ्या व नसणाऱ्या माणसांत म्हणण्यासारखा भेद आढळला नाहीं. उरलेल्या चतुर्थांशांत तें उतरलें नाहीं, हेंहि विसरूं नये. त्याआधीं इंग्लंडांत एड्रियन हिल हा चित्रकार १९३८ सालीं क्षयाच्या आरोग्यधामांत पडून असतां अंथरुणावरच चित्रें काढूं लागला, आपल्याबरोबरच्या रोग्यांनाहि त्यानें तो नाद लावला, आणि १९४२ च्या सुमारास ह्या उपचाराला ‘कलाचिकित्सा’ ह्या अर्थाचें नांव दिलें. पश्चिमेकडे ह्या गोष्टीची जन्मकथा साधारणतः येथून सांगतात.

वारल्यांच्या पाड्यावर ह्याला नांव नव्हतें. तेथें काम होतें. वारली लग्नांत भिंतीवर चौक लिहिल्यावांचून विवाह लागत नाहीं. (चित्र ‘काढणें’ नव्हे, ‘लिहिणें’, हा शब्द ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.) तो लिहिण्याचा अधिकार सवाशिणींचा. कुडाची भिंत शेणामातीनें सारवून तिच्यावर गेरू फिरवितात. तांदूळ भिजवून वाटतात व त्याचें पांढरें पाणी करितात. बांबूची काडी टोंकाशीं चावून तिचा कुंचला होतो. रंग एवढाच, पांढरा. प्रथम चौकोन आंखला जातो आणि त्याची किनार त्रिकोण, साखळ्या, आडव्यातिडव्या रेघा ह्यांनीं भरत जाते. आंत पालघट देवी बसते, वनस्पतींची आणि सुफलतेची देवता. शेजारच्या लहान चौकांत पंचशिऱ्या देव. भोंवतीं झाडें, मोर, चंद्र-सूर्य, घोड्यावरचीं वधूवरें, तारप्याच्या सुरावर फेर धरलेलीं माणसें. माणूस म्हणजे टोंकाला टोंक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा वाटोळा ठिपका, काडीसारखे हातपाय. चेहरा नाहीं. तरीहि कोण वांकला आहे, कोण दमला आहे आणि कोण नाचतो आहे हें दुरून कळतें.

ह्या किनारीकडे थोडें निरखून पाहावें. तींत एकच त्रिकोण शेंकडों वेळां येतो. तांदळाचें पाणी पातळ असतें; ओली रेघ गेरूवर दिसते न दिसतेशी असते आणि वाळल्यावर पांढरी उमटते. म्हणजे लिहिणारीला आपण काय लिहीत आहों तें पुरतें दिसण्याआधींच पुढची रेघ ओढावी लागते. डोळ्यापेक्षां हातावर विश्वास ठेवावा लागतो. मन दुसरीकडे गेलें कीं रेघ वांकडी जाते. एक सवाशीण थकली तर दुसरी तिची रेघ पुढें नेते, गाणीं चालूं असतात आणि चौक पुरा झाला म्हणजे तो कोणाचा, हा प्रश्न उरत नाहीं. पुढें धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्रीपुरोहित, आपल्या गाण्यांतून देवांना ह्या लग्नास बोलावते. ज्ञानेश्वर श्रोत्यांपाशीं ज्या ‘अवधाना’ची मागणी करितात, तेंच येथें हातांकडून मागितलें जातें.

मात्र येथें एका गोड समजुतीपासून सावध राहिलें पाहिजे. वारली स्त्रिया मनःशांतीसाठीं भिंती रंगवीत होत्या असें म्हणणें हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांच्या वांट्यास शांति कितीशी होती? ज्या लग्नासाठीं चौक लिहिला जाई, त्याच लग्नासाठीं वर जमीनदाराकडून कर्ज काढी आणि तें फेडण्याकरितां त्याच्या घरीं राबूं लागे. बहुधा तो एकटा नसे, नवी नवरीहि त्याच्याबरोबर राबे. आणि कर्ज फिटत नसे. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकरांनीं ‘जेव्हां माणूस जागा होतो’ ह्या १९७० सालच्या ग्रंथांत ह्या गुलामीची हकीकत मांडिली आहे. मे १९४५ मध्यें झरीच्या सभेंत वारल्यांनीं वेठ नाकारली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तलवाड्यास जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या व पांच जण मृत्युमुखीं पडले. चौकाची शुभ्र रेघ पाहतांना ही पार्श्वभूमि विसरली तर त्या रेघेचें मोल निम्मेंच कळतें. कर्जाच्या दारांत उभें राहून कोणी तास न् तास एकेक त्रिकोण नीट लिहितें, ह्याला करमणूक म्हणतां येणार नाहीं.

ह्याच तलासरी भागांतील धामणगांवीं १९३४ सालीं जिव्या सोमा म्हसे ह्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षीं आई वारली आणि मुलानें बोलणें सोडलें. पुढें कित्येक वर्षें तो आपलें म्हणणें धुळींत चित्र काढून सांगत असे. त्या मुलास कोणी वैद्य लाभला नाहीं, कोणी शिक्षकहि नाहीं. पायांखालची धूळ आणि बोट, एवढेंच त्याचें साहित्य. हिल आपल्या आरोग्यधामांत जें शोधीत होता, त्याच काळांत हा मुलगा तेंच करीत होता. फरक इतकाच कीं हिलपाशीं त्याला नांव होतें. आणखी एक भेद आहे, व तो अधिक मोलाचा वाटतो. मुलाचें दुःख त्याचें एकट्याचें असलें तरी ज्या रेघेंत तें बोललें ती रेघ एकट्याची नव्हती. सवाशिणींच्या हातांनीं पिढ्यान्‌पिढ्या घांसून ती तयार केली होती. मूक झालेल्या मुलास बोलण्यासाठीं आयतीच एक भाषा मिळाली, आणि ती पाड्यांतील प्रत्येकास समजत होती.

१९७० नंतरच्या थोड्याच वर्षांत भास्कर कुळकर्णी हे चित्रकार डहाणू भागांत आले. बिहारच्या दुष्काळांत मिथिलेच्या स्त्रियांच्या हातीं कागद देणारे ते हेच. येथेंहि त्यांनीं कागद दिला. स्त्रिया सणालग्नालाच लिहीत. जिव्या मात्र रोज चित्रें काढीत, कांहीं कारण नसतांना काढीत. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यांतून ही रेघ मग मुंबईस आणि दिल्लीस गेली. १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ सालीं पॅरिसच्या ‘पृथ्वीवरील जादूगार’ ह्या अर्थाच्या नांवाच्या प्रसिद्ध प्रदर्शनांत स्थान, २०११ सालीं पद्मश्री. १५ मे २०१८ रोजीं जिव्या निवर्तले.

ह्या कीर्तीबरोबर जें हरवलें त्याचाहि हिशेब मांडला पाहिजे. लग्नाचा चौक स्त्रियांचा होता. कागदावरचा बाजार पुष्कळ अंशीं पुरुषांच्या हातीं गेला. चौक पुसला जाई, कागद विकला जातो, आणि विकावयाच्या वस्तूस घाई लागते. पडद्यांवर, पेल्यांवर, रेल्वेस्थानकांच्या भिंतींवर आज जे वारली फेर दिसतात, त्यांतील बरेचसे एकाच ठशाचे. २०१४ सालीं ह्या चित्रांस भौगोलिक मानांकन मिळालें. नक्कल करणाऱ्यांस त्यानें कांहींसा आळा बसेल, पण घाईला कोणता कायदा आळा घालणार?

जिव्यांनीं मात्र ती घाई आपल्या कागदापर्यंत येऊं दिली नाहीं. मासेमारीच्या जाळ्याचें चित्र त्यांनीं पुनःपुन्हा काढलें. सबंध पट एका जाळ्यानें व्यापलेला असतो. त्याचा दोरा केंसासारखा बारीक, आणि प्रत्येक डोळा हातानें ओढलेला. जाळ्याच्या कांठाशीं कोठेंतरी ठिपक्याएवढीं माणसें आपापल्या कामांत गढलेलीं दिसतात.