किल्टची कुळकथा : ग्लेनगॅरीच्या जंगलातली भट्टी

स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेच्या, म्हणजे हायलँडच्या, पोशाखाच्या बाबतीत ग्लेनगॅरीचा सरदार अलास्डेर रानाल्डसन मॅक्डोनेल याच्याइतका कडवा माणूस झाला नसेल. 1815 मध्ये त्याने ‘खऱ्या हायलँडर्स’ची म्हणून एक संस्था काढली. हेन्री रेबर्नने केलेलं त्याचं पूर्णाकृती चित्र एडिंबराच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे. अंगावर टार्टन म्हणजे चौकटीचं कापड, हातात बंदूक, मागे भिंतीवर शस्त्रं. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा शहरातली वकील-व्यापारी मंडळी किल्ट नेसून मिरवायला लागली आणि हा गडी खवळला. या लोकांना हा वेष करायचा हक्क कुणी दिला, असा त्याचा सवाल होता.

आता याच्या पणजोबांकडे वळू. 1727 च्या सुमारास थॉमस रॉलिन्सन नावाच्या, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या क्वेकरपंथी भट्टीवाल्याने त्यांच्याकडून इन्व्हरगॅरीचं जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. त्या काळी लोखंड गाळायला लाकडी कोळसा लागे आणि हायलँडमध्ये झाडी मुबलक होती. त्यामुळे लोहखनिज बोटीने उत्तरेला आणून तिथल्याच लाकडावर गाळायचं, असा हा धंदा. एका जुन्या पत्रावर विश्वास ठेवायचा तर आजचा किल्ट याच इंग्रजाने आपल्या मजुरांसाठी बेतला. पणतू ज्या वेषाची सोवळ्याने राखण करत होता, त्याचं मूळ पणजोबांच्या इंग्रज भाडेकरूपाशी जातं! स्कॉटिश राष्ट्रीयत्वाच्या साऱ्या इतिहासात याहून नवलाचा दुवा मला माहीत नाही.

त्याआधी हायलँडर नेसत तो मोठा प्लेड. पाच-सहा वार लांब लोकरी कापड जमिनीवर पसरायचं, मधल्या भागात हाताने चुण्या घालायच्या, खालून पट्टा सरकवायचा, मग त्यावर उताणं झोपून दोन्ही बाजू अंगावर ओढायच्या आणि पट्टा आवळून उठायचं. कमरेखालचा भाग गुडघ्यापर्यंत येई. वरचा उरलेला घोळ खांद्यावर टाचून ठेवायचा, पावसात डोक्यावर घ्यायचा, रात्री पांघरायचा. आपल्या नऊवारीसारखंच, एका न शिवलेल्या वस्त्रात सगळं. डोंगरात गुरांमागे हिंडणाऱ्याला ते उत्तमच, पण कुऱ्हाड चालवणाऱ्याला आणि भट्टीपाशी राबणाऱ्याला तो वरचा घोळ म्हणजे जिवाला घोर. रॉलिन्सनने तो काढून टाकला, खालच्या चुण्या शिवून पक्क्या करवल्या, स्वतःही तसा किल्ट नेसला आणि मग ग्लेनगॅरीच्या तेव्हाच्या सरदारानेही, म्हणजे त्या पणजोबांनीही, तो उचलला, अशी ही हकिकत.

हकिकतीचा आधार म्हणजे इन्व्हरनेसजवळच्या इव्हान बेलीचं पत्र. ते लिहिलं 1768 मध्ये, छापून आलं 1785 मध्ये. म्हणजे घटना आणि लेखन यांत चाळीस वर्षांचं अंतर. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी 1983 मध्ये या पत्रावर अख्खी मांडणी उभी केली. स्कॉटलंडचा राष्ट्रीय पोशाख एका इंग्रज कारखानदाराने घडवला, म्हणजे ती परंपराच बनावट, असा त्यांचा निवाडा. ते स्कॉटिश स्वायत्ततेचे उघड विरोधक होते, हे वाचताना विसरू नये. त्यांचे विरोधक रॉलिन्सनच्या आधीची चित्रं पुढे करतात. त्यांत फक्त कमरेखालचं वस्त्र दिसतं. पण वरचा घोळ मुळातच नाही की तो पाठीमागे लोंबतो आहे, हे त्या चित्रांवरून ठरवता येत नाही.

माझ्या मते दोन्ही पक्षांनी एका मुख्य साक्षीदाराला बोलावलंच नाही. तो साक्षीदार म्हणजे हातमाग. गावच्या मागावर साधारण 25 ते 30 इंच पन्ह्याचं कापड निघे. मोठा प्लेड त्याच्या दुप्पट रुंद असतो, कारण असे दोन पट्टे लांबीने एकमेकांना जोडूनच तो होतो. आता मधली शिवण घातलीच नाही तर काय उरतं? एकच पट्टा, कमरेपासून गुडघ्यापर्यंत पुरणारा. हाच छोटा किल्ट! तो सुचायला इंग्रज लागत नाही की क्वेकर लागत नाही. ज्याच्याकडे दुसऱ्या पट्ट्याचे पैसे नव्हते, अशा कुठल्याही गरीब हायलँडरने तो कधीतरी नेसला असणार. हायलँड वेषावर बंदी घालणारा 1746 चा कायदाही माझ्या बाजूने बोलतो. त्यातल्या निषिद्ध कपड्यांच्या यादीत ‘फिलीबेग ऊर्फ छोटा किल्ट’ स्पष्ट नावाने आहे. एका आडवळणी खोऱ्यातली मजुरांची सोय वीसेक वर्षांत लंडनच्या पार्लमेंटला बंदी घालण्याजोगी वाटली, हे मला पटत नाही. तो आधीच चार ठिकाणी रुळलेला असावा. रॉलिन्सनने त्याला शिंप्याच्या हाती दिलं आणि एका सरदाराच्या अंगावर चढवून प्रतिष्ठा दिली. हे श्रेय त्याचं, आणि ते काही लहान नाही.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. कलोडनच्या लढाईत ब्रिटिश राजाविरुद्ध उठलेल्या जॅकोबाइट बंडखोरांचा पाडाव झाला, हायलँड वेषाला बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. सवलत फक्त ब्रिटिश फौजेतल्या शिपायांना. म्हणजे बंदी उठेपर्यंत, 1782 पर्यंत, किल्ट उजळ माथ्याने जगला तो ब्रिटिश राजाच्याच पलटणींत. बंडखोराचा वेष साम्राज्याच्या शिपायाचा वेष झाला. 1803 मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आलेल्या 74 आणि 78 नंबरच्या पलटणी हायलँडर्सच्याच.

मग 1822 चा तो सोहळा. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने तो आखला आणि कलोडनला हायलँडर्सची कत्तल करणाऱ्या ड्यूक ऑफ कंबरलँडच्या चुलत नातवाला, खुद्द राजाला, किल्ट नेसवला. शिंप्याचं बिल झालं 1354 पौंड. सखल दक्षिणेतल्या ज्या लोलँडरांनी पिढ्यान्‌पिढ्या हायलँडरला गुरंचोर म्हटलं, त्यांनीही त्या पंधरवड्यात त्याचा वेष आपला मानला. स्कॉटलंडकडे तेव्हा स्वतःचं पार्लमेंट नव्हतं, ते 1707 मध्येच गेलं होतं. अशा वेळी राजनिष्ठही राहता येईल आणि स्कॉटिशही दिसता येईल, असं काहीतरी लोकांना हवं होतं. ते या चौकटीच्या कापडात सापडलं.

मागणी पुरवली बॅनकबर्नच्या विल्सन यांच्या कारखान्याने. त्यांच्याकडचे कित्येक नमुने आधी नुसत्या नंबराने ओळखले जात, कुळांची नावं नंतर चिकटली. आज मॅक्फर्सन कुळाचा म्हणून मानाने नेसला जाणारा एक टार्टन त्याआधी ‘किड’ नावाने विकला जाई. किड नावाच्या गिऱ्हाइकाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांना कपडे करण्यासाठी तो घाऊक घेतला होता, म्हणून ते नाव. कुळाच्या अभिमानाच्या वस्त्राला गुलामांच्या मळ्याचा इतिहास आहे. तो स्कॉटलंडने किल्टइतकाच उघडपणे मिरवायला हवा, लपवायला नको.

ट्रेव्हर-रोपरांचा निवाडा मला म्हणूनच अपुरा वाटतो. वेष कुणी बेतला, यावर राष्ट्राचा खरेखोटेपणा ठरत नाही. खरी फसवणूक वेगळीच झाली. शहरं किल्ट नेसत होती त्याच दशकांत सदरलँडसारख्या भागांत जमीनदार मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना हुसकावत होते. 1814 मध्ये सदरलँडमधल्या स्ट्राथनेव्हर खोऱ्यात घरं जाळली गेली. वेष साऱ्या देशाचा झाला आणि तो ज्यांचा होता ते देशोधडीला लागले. या पापाचे धनी लंडनवाले नव्हते, बहुतेक वेळा हायलँडर्सचे स्वतःचेच सरदार होते.

राजकीय राष्ट्रवाद या वेषाच्या मागून सावकाश आला. स्कॉटिश नॅशनल पार्टी निघाली 1934 मध्ये, पार्लमेंट परत मिळालं 1999 मध्ये, आणि 2014 च्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूने पडली 44.7 टक्के मतं. मिळालेल्या त्या पार्लमेंटने 2008 मध्ये खास कायदा करून टार्टनांची सरकारी नोंदवही सुरू केली. तिच्यात नवा नमुना आजही नोंदवता येतो, आणि त्यासाठी स्कॉटिश असण्याची अट नाही.