जुनी मोटार आणि नवी शक्ति



जुन्या मोटारीची सुधारणा म्हटली म्हणजे दोन गोष्टी चटकन् मनांत येतात. थकलेल्या इंजिनाच्या जागीं अधिक शक्तीचें इंजिन बसवावयाचें, आणि आंत गाणें ऐकविणारें चांगलें ध्वनियंत्र लावावयाचें. वर्धा शहरानें मात्र १९३० नंतरच्या दशकांत एक निराळीच सुधारणा पाहिली. तेथें शेठ जमनालाल बजाज यांच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपण्यांत आले. इंग्रजींत बैलाला 'ऑक्स' म्हणतात. बैलांनीं ओढावयाची फोर्ड म्हणून तिला थट्टेनें 'ऑक्सफर्ड' म्हणूं लागले. विलायतेंतील विख्यात विद्यापीठाचें नांव असें वर्ध्याच्या धुळींत येऊन पोंचलें ! या थट्टेमागें कांहीं विचार होता काय, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम फोर्डविषयीं दोन शब्द. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यानें 'मॉडेल टी' ही मोटार १९०८ सालीं बाजारांत आणली. तिची शक्ति सुमारें २० अश्वशक्ति होती. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी मोटारी तयार झाल्या. १९२६ सालीं त्या कंपनीची हिंदुस्थानांतील शाखा निघाली. मोटार ही केवळ राजेरजवाड्यांची चीज उरली नाहीं. वकील, डॉक्टर व व्यापारी यांच्या दारांतही ती दिसूं लागली.

परंतु मोटार आली तरी तिच्याजोगी वाट सर्वत्र आली नव्हती. गांधीजी १९३४ मध्यें वर्ध्यास आले, कांहीं काळ मगनवाडींत राहिले, आणि १९३६ च्या एप्रिलअखेर सेगांवास राहावयास गेले. हेंच सेगांव १९४० पासून सेवाग्राम म्हणून ओळखलें जाऊं लागलें. वर्ध्यापासून तें सुमारें पांच मैल. वाट काळ्या जमिनीची. मृगाचा पाऊस पडला, कीं चिखल चाकाला धरून बसे. अशा चिखलांत वीस घोड्यांचें बळही चाक जागच्या जागीं फिरविण्यांत खर्ची पडतें. बैलजोडीची शक्ति सुमारें एकच अश्वशक्ति. परंतु बैल पायानें जमीन धरतो व चाकाला नुसतें मागोमाग यावें लागतें. शिवाय वर्धा जिल्ह्यांत, विशेषतः आर्वीच्या बाजूस, गवळाऊ जातीचीं चपळ जनावरें पिढ्यान् पिढ्या जोपासलेलीं आहेत. वाट, वाहन आणि शक्ति यांचा मेळ असा ज्या त्या मुलखाप्रमाणें घालावा लागतो.

दुसरा प्रश्न खर्चाचा. पेट्रोलचा पैसा गांवाबाहेर जातो. कडबा व सरकी शेतांतच पिकतात. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनीं हाच हिशेब बैलगाडीच्या चाकाला लावला. चाकाची लोखंडी धाव गांवचा लोहार बसवितो. हवेचा रबरी टायर बसविला, तर लोहारसुतारांचें काम जातें आणि पैसा दूरच्या कारखान्याकडे वाहूं लागतो, असा त्यांचा आक्षेप होता. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रबरी टायरानें बैलाच्या मानेवरील ताण हलका होतो, हें खरें आहे. आणि बाळंतीण अडली असतां पांच मैलांच्या वाटेला दोन तास लावणारी गाडी काय कामाची? म्हणून 'ऑक्सफर्ड' हा सर्वांनीं गिरवावयाचा कित्ता होता, असें मी म्हणणार नाहीं. सुधारणेचा लाभ कोणास आणि भार कोणावर, हा प्रश्न मात्र तिनें लोकांच्या डोळ्यांपुढें उभा केला.

लौकरच महायुद्धानें हाच प्रश्न साऱ्या देशाला विचारला. १९४१ मध्यें पेट्रोलवर नियंत्रण आलें. १९४२ मध्यें ब्रह्मदेश हातचा गेला व तेथील तेलही गेलें. तेव्हां जुन्या मोटारींना व बसगाड्यांना कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या जोडण्यांत आल्या. भट्टींत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेंत जाळला, कीं जळण्याजोगा वायु निघतो. तो थंड करून, गाळून इंजिनांत सोडीत. इंजिन तेंच, पण त्याची शक्ति तिसऱ्या हिश्शानें किंवा त्याहूनही अधिक घटे. निघण्यापूर्वीं भट्टी पेटवून वाट पाहावी लागे. राखेनें गाळणी तुंबत. आणि तो वायु विषारी असल्यानें बंद जागेंत प्राणावर बेते. तरीही त्या गाड्यांनीं युद्धकाळांत प्रवासी आणि माल वाहिला.

इंजिनाची कथा झाली, आतां आवाजाची. अमेरिकेंत गॅल्विन बंधूंनीं १९३० सालीं मोटारींत बसविण्याजोगा रेडिओ विक्रीस काढला. 'मोटोरोला' हें नांव त्यांतूनच निघालें. जुन्या मोटारींत तो बसविणें सोपें नव्हतें. इंजिनांतील ठिणग्यांमुळें रेडिओंत खरखर होई. ती थांबविण्यासाठीं ठिणगीच्या तारांना विद्युत्-रोधक जोडावे लागत. म्हणजे चांगलें गाणें ऐकावयाचें, तर आधीं इंजिनाची व्यवस्था लावावयास हवी. बैलांच्या घुंगुरमाळेला असली अडचण नव्हती. तिचा नाद अंधारांत समोरच्या वाटसरूस सावध करी, म्हणजे भोंग्याचें कामही तीच करी.

आज जुन्या मोटारींतून पेट्रोलचें इंजिन काढून विजेची मोटर व बॅटरी बसविण्याची सोय झाली आहे. साधनें पालटलीं, तरी मालकानें विचारावयाचे प्रश्न तेच आहेत. माझी वाट कशी आहे? ही शक्ति कोठून येणार व तिचा पैसा कोठें जाणार? गाडी बिघडली, तर ती नीट करणारा हात जवळपास आहे काय? आणि जुना सांगाडा, ब्रेक व चाकें हा नवा भार सोसतील काय? एवढ्यांचीं उत्तरें मिळाल्यावर खुशाल इंजिन पालटावें आणि गाणेंही लावावें.