जालना जिल्ह्यांतील गांव आणि शाळा

प्राथमिक शाळेच्या कारभारांत गांवाचा हात असावा, ही कल्पना इ. स. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें नव्यानें आणिली, असें पुष्कळांचें मत दिसतें. आम्हांस तें मान्य नाहीं.

जुनी शाळा पंतोजीची. देवळाची ओवरी हें तिचें स्थान, धूळपाटी हें साधन, आणि मुलांच्या घरून येणारें धान्य हें बहुधा पंतोजीचें वेतन. (तेथील ‘ओनामासी’ हा ‘ॐ नमः सिद्धम्’ याचा अपभ्रंश होय, शिकविणारास त्याचा अर्थ ठाऊक असेच असें नाहीं.) ही शाळा सर्वस्वी गांवाची होती खरी, परंतु त्या ‘गांवांत’ अस्पृश्य मानिलेल्या जातींची व बहुतेक मुलींची गणना नव्हती. ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाणारे हें सोयीस्करपणें विसरतात.

निजामी अमलांत वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू, व खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. त्यामुळें मातृभाषेंतून शिक्षण ही मागणीच राजकीय ठरली. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूर येथें भरलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. परतूर तेव्हां परभणी जिल्ह्यांत होतें. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. निजामाची राजवट सप्टेंबर १९४८ मध्यें संपली, आणि १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या.

२००९ च्या कायद्याचें २१ वें कलम मात्र खरोखर नवें आहे. शाळा व्यवस्थापन समितींत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया, व दुर्बल आणि वंचित गटांतील पालकांस प्रमाणशीर स्थान. ओवरीबाहेर ठेविलेल्यांस कायद्यानें शाळेच्या कारभारांत आणून बसविलें.

परंतु अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलें मागें राहावीं म्हणून काढिलेलें हंगामी वसतिगृह याच समितीमार्फत चालतें. म्हणजे ज्यांच्या मुलांच्या जेवणाचा विचार व्हावयाचा, तेच त्या सभेंत नसतात. आम्हीं नोकरींत असतांना एका शाळेचें इतिवृत्त पाहिलें होतें. पौषांतील सभेस, कारखान्यावर गेलेल्या पालकांचेही अंगठे त्यावर उमटलेले होते. हा कागद शंभर वर्षांनीं एखाद्या संशोधकाच्या हातीं लागला, तर तो त्यावरून कोणतें अनुमान काढील ?