सांधा कोणाचा? पटाशीपासून राउटरपर्यंत

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज सुतारकामावर काय बोलणार, असं काही चेहऱ्यांवर दिसतंय. तर सुरुवात एका खणापासून करतो.

माझ्या वडिलांचं एक सागवानी मेज आहे. मी शाळेत होतो तेव्हा एका सुतारानं ते आमच्या ओसरीवर बसून केलं. साठ-पासष्ट वर्षं झाली, रोज खण ओढला जातो, तरी पुढची फळी हातात आलेली नाही. तिथे खिळा नाही. बाजूच्या फळीच्या टोकाला शेपटीसारखे दात कापलेत, टोकाकडे रुंद आणि मुळाशी अरुंद, आणि ते पुढच्या फळीतल्या खाचांत बसलेत. खण जितका ओढाल तितका दात खाचेत अडकतो. याला आपले सुतारही इंग्रजांसारखं डोव्हटेलच म्हणतात, म्हणजे पारव्याची शेपटी. जर्मन आणि फ्रेंच लोकांना त्यात भिंगरी पक्ष्याची शेपटी दिसली. पक्षी वेगळा, युक्ती तीच. आणि ही युक्ती फार जुनी आहे, प्राचीन इजिप्तच्या लाकडी सामानातही ती सापडते.

आता इतिहासाकडे येऊ. १६३२ साली लंडनमध्ये एक वाद निवाड्यासाठी नगराच्या ऑल्डरमन मंडळापुढे आला. एका बाजूला कार्पेंटर, दुसऱ्या बाजूला जॉइनर. आपल्या लेखी दोघेही सुतारच. पण वाद असा, की कोणतं काम कोणी करायचं? निवाडा साधारण असा झाला, की डोव्हटेलनं, कुसानं किंवा सरसानं जोडलेल्या पेट्या जॉइनरांनी करायच्या आणि खिळे मारून जोडलेलं फळ्यांचं काम कार्पेंटरांकडे राहील. म्हणजे बघा, लाकडाचा एक सांधा ही सामाजिक सीमारेषा झाली. तो कापता येणं हे कौशल्य तर होतंच, शिवाय तो हक्क होता, पोटापाण्याचा हक्क.

ही रेषा पुढे यंत्रानं पुसली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या चार्ल्स नॅप यांनी १८६७ साली एका यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र खणांना एक वेगळाच सांधा कापायचं, अर्धवर्तुळ आणि त्याच्या मध्ये गोल खुंटी. दिसायला ते डोव्हटेलसारखं नव्हतं, आणि तसं दिसण्याचा त्याचा आग्रहही नव्हता. गंमत पुढे आहे. शतक संपता संपता लोकांना जुन्या वळणाचं फर्निचर आवडू लागलं, आणि हाताच्या डोव्हटेलची नक्कल करणारी यंत्रंही आली. नॅपचा सांधा मागे पडला. यंत्राला यंत्रासारखं दिसण्याची लाज वाटू लागली म्हणा ना!

त्याच काळात बॉक्स जॉइंटही कारखान्यांत रुळला. यात दात सरळ असतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे. हा शेपटीसारखा अडकत नाही, सरसावर टिकतो. पण दात जितके जास्त तितकी सरस धरायला जागा जास्त, म्हणून मजबूत. माल भरायची खोकी अशीच होत.

आणि मग राउटर. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विजेवर चालणारे हातराउटर आले. हाच राउटर टेबलाखाली उलटा बसवला की पातं वर येतं, आणि लाकूड हातानं पुढे सरकवायचं. हत्यार थांबलं, काम चालू लागलं.

निवृत्तीनंतर मीही एक घेतला. बॉक्स जॉइंटची रीत ऐका. सरकत्या आधारावर एक खुंटी बसवायची, पात्याच्या रुंदीचीच, समजा ६ मिलिमीटर. खुंटी आणि पातं यांच्यातलं अंतरही ६. पहिली खाच कापायची, ती खुंटीवर अडकवायची, दुसरी कापायची, आणि असं पुढे. जोडीची फळी एका दातानं सरकवून सुरू करायची. लाकूड मागच्या बाजूनं फुटू नये म्हणून पाठीला एक टाकाऊ फळी लावायची. एवढंच!

माझी पहिली पेटी जुळलीच नाही. अंतर ६ च्या जागी ६.१ झालं होतं. ०.१ मिलिमीटर म्हणजे साध्या कागदाची जाडी. पण दात ६.१ चा आणि खाच ६ ची, आणि ही चूक एका दातात नाही, सगळ्या दातांत, अगदी सारखी. हात चुकतो तो दर वेळी वेगळा चुकतो. यंत्र एकदा चुकतं आणि तीच चूक प्रामाणिकपणे करत राहतं.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर डिझाइन शिकवणारे डेव्हिड पाय यांनी १९६८ साली एक भेद मांडला. जोखमीची कारागिरी आणि खात्रीची कारागिरी. पहिलीत काम बिघडण्याचा धोका शेवटच्या घावापर्यंत असतो, दुसरीत निकाल आधीच ठरलेला असतो. माझा अनुभव यात थोडी भर घालतो. जोखीम नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. पटाशीच्या प्रत्येक घावात असलेली जोखीम खुंटी बसवण्याच्या त्या एका क्षणात गोळा होते.

आणि खात्रीची किंमतही द्यावी लागते. राउटरच्या डोव्हटेल पात्याची मान दोन शेपट्यांच्या मधल्या फटीतून गेली पाहिजे. म्हणून ती फट मानेपेक्षा अरुंद होऊच शकत नाही. इंग्लंडमधल्या अठराव्या शतकातल्या चांगल्या खणांत ती जवळजवळ करवतीच्या एका कापाएवढी असते. सुतारानं ती आवडीनुसार ठरवली होती. माझ्यासाठी पात्यानं ठरवली.

मग प्रश्न उरतो तो न्यायाचा. ज्या सांध्यासाठी आमच्या ओसरीवरच्या सुतारानं उमेदवारीची वर्षं घातली, तो मी सत्तरीत, थरथरत्या हातानं, एका खुंटीच्या जोरावर करतो. हा अन्याय आहे का? १६३२ च्या जॉइनरांनी नक्कीच 'हो' म्हटलं असतं. मी तसं म्हणणार नाही. कुंपण मोडलं म्हणूनच ते काम माझ्यापर्यंत आलं. पण ते मोडलं तेव्हा आतल्या माणसाचं पोट कशावर चालायचं, हे कोणी विचारलं नाही. त्याची मुलं या धंद्यात राहिली नाहीत. मला सांधा मिळाला आणि त्यांचा गेला, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या आहेत.

माझी तिसरी पेटी जुळली. ती त्या मेजावरच ठेवली आहे. आज घरी गेल्यावर एखादा जुना खण बाहेर काढून त्याच्या कोपऱ्याकडे बघा. दात सगळे अगदी एकसारखे आहेत, की एखादा किंचित तिरका आहे? मग तो कोणाचा, हे विचारून बघा.