टोपींतला हात आणि शर्यतींतलें वजन

पुण्यास आमच्या शेजारीं एक गृहस्थ राहत असत. कचेरींतली नोकरी, देवपूजा, संध्याकाळचें फिरणें हें सारें यथास्थित असून, पावसाळ्यांत पुण्याच्या शर्यती सुरू झाल्या म्हणजे मात्र त्यांस दुसरें कांहीं सुचत नसे. त्यांच्या पश्चात् त्यांच्या मुलानें अकरा जाड वह्या आमच्याकडे आणून दिल्या. ‘काका, तुम्हांला इतिहासाचा नाद, यांत कांहीं अर्थ असला तर पाहा,’ असें तो म्हणाला. वह्यांत काय नव्हतें? घोड्याचें नांव, त्याचे आईबाप, स्वार कोण, पूर्वीं कितवा आला, हें सर्व मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलेलें होतें. परंतु घोड्याच्या पाठीवर वजन किती होतें, याचा रकाना एकाहि वहींत नव्हता. ज्या रकान्यावर सारी शर्यत रचलेली तोच वगळून या सज्जनानें तीस वर्षें अभ्यास केला, आणि त्या अभ्यासापायीं घरांतला एकेक दागिना गेला. त्या वगळलेल्या रकान्याचा इतिहास आज वाचकांस सांगावा, असें आम्हीं योजिलें आहे.

ज्या शर्यतींत चांगल्या घोड्यावर अधिक व सामान्य घोड्यावर कमी वजन लादून सर्वांस एका पातळीवर आणण्याचा यत्न केलेला असतो, तिला ‘हँडिकॅप’ म्हणतात. स्वाराचें व खोगिराचें मिळून वजन ठरलेल्या आंकड्याहून कमी भरलें, तर खोगिराखालच्या कप्प्यांत शिशाचे तुकडे घालून तें पुरें करतात. हा शब्द मूळचा घोड्यांचा नव्हे, तर गुत्त्यांतला आहे. दोघांस आपल्या वस्तूंची अदलाबदल करावयाची असली, म्हणजे ते तिसऱ्यास पंच नेमीत. तिघेहि थोडी रक्कम एका टोपींत टाकीत. पंचानें दोन्ही वस्तूंची पारख करून, कोणीं कोणास वर किती द्यावें तें सांगावयाचें. मग दोघांनीं टोपींत हात घालून, सौदा मान्य कीं अमान्य हें हाताच्याच खुणेनें एकदम दाखवावयाचें. ‘टोपींतला हात’ या इंग्रजी शब्दांवरूनच हें नांव पडलें. चौदाव्या शतकांतील लँग्लंडच्या काव्यांत अशी एक अदलाबदल गुत्त्यांत चाललेली दिसते, आणि १६६० सालीं पीप्स आपल्या रोजनिशींत हा खेळ आपण प्रथमच पाहिला असें नमूद करतो.

या खेळांतील खरी मेख पुढेंच आहे. दोघांनींहि होकार दिला किंवा दोघांनींहि नकार दिला, तर टोपींतली रक्कम पंचास मिळे. एकानें मान्य व दुसऱ्यानें अमान्य केलें, तर मान्य करणाऱ्यास मिळे. म्हणजे पंचाचा लाभ कशांत? तर त्याचा निवाडा इतका समतोल असावा कीं, कोणा एकासच त्यांत फायदा दिसूं नये. घोड्यांच्या शर्यतींत हा पंच येऊन बसला तेव्हां त्याचा हा स्वभाव त्याच्याबरोबर आला. विजयी घोडा हुडकूं पाहणारास ज्याच्याशीं झगडावयाचें तो प्रतिपक्षी दुसरा घोडा नसून हा पंच आहे. आणि त्याचें कामच असें कीं, हुडकणें अशक्य व्हावें!

इंग्लंडांत अशा शर्यतींस मोठी प्रसिद्धि मिळाली ती १७९१ सालच्या अ‍ॅस्कॉट येथील ‘ओटलंड्स स्टेक्स’नें. प्रिन्स ऑफ वेल्सचा ‘बॅरोनेट’ हा घोडा तींत पहिला आला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत न्यूमार्केटला याच राजपुत्राचा ‘एस्केप’ नांवाचा घोडा २० तारखेस हरला आणि दुसऱ्याच दिवशीं, भाव वधारलेले असतां, जिंकला. स्वार चिफ्नी यानें पहिल्या दिवशीं घोडा मुद्दाम आंवरला, असा बोभाटा झाला. जॉकी क्लबच्या सर चार्ल्स बनबरीनें राजपुत्रास बजावलें कीं, चिफ्नी पुन्हां आपला घोडा चालवील तर कोणी सभ्य गृहस्थ आपल्याविरुद्ध घोडा उतरविणार नाहीं. राजपुत्रानें न्यूमार्केट सोडलें. चिफ्नी दोषी होता कीं नाहीं याचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं, व आम्हांस तो मिटवावयाचाहि नाहीं. कालचा निकाल हा घोड्याच्या शक्तीचा पुरावा असेलच असें नाहीं, एवढेंच त्यावरून ध्यानांत घ्यावयाचें.

पंचाच्या या कामास शास्त्राचें रूप दिलें तें एका दर्यावर्दी पुरुषानें. हेन्री जॉन रूस (१७९५–१८७७) हा आरमारी अधिकारी. १८३५ सालीं ‘पीक’ हें त्याचें जहाज लाब्राडोरच्या खडकांवर आपटलें असतां, सुकाणू गमावलेलें व पाणी घेत असलेलें तें जहाज त्यानें अटलांटिकपार इंग्लंडास सुखरूप आणलें. अशा माणसानें उरलें आयुष्य घोड्यांचीं वजनें ठरविण्यांत घालविलें, ही गोष्ट कित्येकांस हास्यास्पद वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मैदानावर घोडा कोठें थकला, कोणता स्वार हात आंवरून बसला, हें तो डोळ्यांत तेल घालून पाही व टिपून ठेवी. शर्यतींचे नियम व प्रघात यांवर त्यानें १८५० सालीं ग्रंथ लिहिला, आणि १८५५ पासून तो सार्वजनिक पंच झाला. घोड्याचें वय, महिना व अंतर यांवरून वजनांत किती फरक असावा, याचें जें कोष्टक त्यानें बसविलें, त्याचीच सुधारलेली रूपें आजहि वापरांत आहेत.

त्याच्या हिशेबाची कसोटी १३ मे १८५१ रोजीं यॉर्कच्या मैदानावर लागली. ‘फ्लाइंग डचमन’ हा १८४९ चा डर्बी-विजेता व ‘व्होल्टिजर’ हा १८५० चा. आदल्या वर्षीं डाँकास्टरला व्होल्टिजरनें डचमनला हरविलें होतें, व डचमनचा जन्मांतला तो एकच पराभव. आतां दोन मैलांची, हजार गिनींची पैज ठरली. वजनें रूसनें ठरवावयाचीं. पांच वर्षांच्या डचमनवर त्यानें १२०॥ पौंड ठेविले व चार वर्षांच्या व्होल्टिजरवर ११२. एक पौंड म्हणजे अदमासें अर्धा शेर. घोड्याच्या अंगाच्या मानानें साडेआठ पौंड ते काय! पण दोन मैल धावून झाल्यावर दोघांत अंतर उरलें तें सुमारें एका घोड्याच्या लांबीइतकें. डचमन जिंकला.

लांबी आणि वजन यांचा हा संबंध शर्यतीच्या जाणत्यांनीं पुढें ठोकळमानानें बसवून टाकला: पांच फर्लांगांच्या धावेंत एका लांबीस तीन पौंड, मैलाच्या धावेंत दोन, त्याहून बऱ्याच लांबच्या धावेंत एक. समजा, मैलाच्या शर्यतींत ‘अ’ नें ‘ब’ ला तीन लांबींनीं मागें टाकलें. पुढच्या खेपेस त्याच अंतरावर पंचानें ‘अ’ वर ‘ब’ च्या मानानें सहा पौंड वाढविले, तर कागदावर दोघे बरोबरीचे झाले. चारच वाढविले, तर ‘अ’ च्या पदरीं अजून एक लांबी शिल्लक आहे. नऊ वाढविले, तर विजयी म्हणून ज्याच्यामागें सारी गर्दी धावते तोच मागें पडावयाचा. आमच्या शेजाऱ्यांच्या अकरा वह्यांत जी गोष्ट नव्हती ती हीच त्रैराशिकाची गोष्ट होय. इयत्ता पांचवींतल्या मुलासहि ती साधेल.

त्रैराशिकानें सर्व सुटतें असें मात्र कोणी समजूं नये. मेलबर्न कप ही दोन मैलांची जगप्रसिद्ध भारबद्ध शर्यत. १८९० सालीं तींत ३९ घोडे धावले. ‘कार्बाइन’वर १४५ पौंड होते, दुसरा आलेला ‘हायबॉर्न’ त्याच्याहून ५३ पौंड हलका धावत होता, आणि हायबॉर्न कांहीं टाकाऊ जनावर नव्हे, त्यानें पुढच्या वर्षीं सिडनी कप जिंकला. तरीहि कार्बाइन दोन-अडीच लांबींनीं पुढें निघून गेला. उलट ‘फार लॅप’ १९३० सालीं १३८ पौंड घेऊन जिंकला. १९३१ सालीं त्याच्यावर १५० ठेवले, आणि तो आठवा आला. कांहीं घोड्यांपुढें पंच हरतो, आणि एका मर्यादेपुढें पंचापुढें कोणताहि घोडा हरतो. ती मर्यादा घोड्यागणिक निराळी असते, हें रूसच्या कोष्टकांत लिहिलेलें नाहीं.

आणखी एक अडचण मनुष्यस्वभावाची आहे. जिंकल्यानें वजन वाढतें व हरल्यानें उतरतें, हें एकदां कळल्यावर मालकानें काय करावें? घोडा दोन-चार वेळां मागेंच ठेवावा, वजन उतरूं द्यावें, आणि मग एके दिवशीं भाव उत्तम असतां मोकळा सोडावा. स्वतः रूसनेंच ही तक्रार केली कीं, मोठ्या हँडिकॅपांमुळें लबाडीस बक्षीस मिळतें. म्हणून जाणता मनुष्य ‘गेल्या वेळीं कितवा आला’ एवढ्यावर थांबत नाहीं. गेल्या वेळीं अंतर त्यास सोसणारें होतें काय, जमीन भिजलेली होती काय, बरोबरचे घोडे वरच्या वर्गांतले होते काय, आणि पूर्वीं तो कोणत्या वजनानें जिंकला होता, हें तो विचारतो. चार पराभवांनंतर त्याच वजनाशीं परत आलेला व आपल्या अंतरावर उतरलेला घोडा, हा कालच्या विजेत्यापेक्षां कित्येकदां अधिक विचारार्ह असतो.

अमेरिकेंत या शब्दाची मोठी गंमत झाली. तेथें वजनें ठरविणाऱ्या पंचास तर हँडिकॅपर म्हणतातच, पण विजयी घोडा हुडकणाऱ्या प्रेक्षकासहि म्हणतात. एका परीनें हें योग्यच आहे. कारण पंचाचें काम आपण स्वतः पुन्हां करून त्याची चूक कोठें झाली तें पाहणें, यापलीकडे हुडकणें म्हणजे दुसरें काय? ही चूक पद्धतशीरपणें शोधणारांत यॉर्कशायरचा फिल बुल हा प्रमुख. लीड्स विद्यापीठांत गणित शिकलेला हा शिक्षक घड्याळाकडे वळला. कोणी कोणास हरविलें हें सापेक्ष असतें, पण धावण्यास लागलेला वेळ, मैदान, वारा व वजन यांचा हिशेब करून घेतला, तर तो स्वतंत्र साक्षीदार होतो, हें त्याचें म्हणणें. त्यानें १९४८ सालीं काढलेली ‘टाइमफॉर्म’ ही संस्था १९८९ मध्यें त्याच्या निधनानंतरहि चालूच राहिली.

परंतु सर्वांत कठीण धडा भावाचा आहे. पॅरिसच्या ऑलेरनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अशी पद्धति काढली कीं, सर्वांचे पैसे एका राशींत टाकावे, चालकाचा वाटा प्रथम काढून घ्यावा व उरलेलें जिंकणारांत वांटावें. म्हणजे लढाई पंचाशीं तर आहेच, शिवाय इतर सर्व पैसे लावणारांशीं आहे, आणि वाटा कापला गेल्यामुळें सर्वांची मिळून हारच ठरलेली. पांचांत एकदां जिंकेल अशा घोड्यावर रुपयास चारच रुपये मिळत असतील, तर तो जिंकला तरी ती निवड चुकीचीच होती. १९४९ सालीं ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञानें अमेरिकन शर्यतींचे आंकडे तपासून दाखविलें कीं, लोक क्वचित् जिंकणाऱ्या घोड्यांस फाजील मान देतात व हमखास वाटणाऱ्यांस कमी. पुढें विल्यम बेंटर यानें हाँगकाँगच्या शर्यतींवर, ज्या बहुतेक भारबद्धच असतात, गणकयंत्र चालविलें. १९९४ सालच्या त्याच्या लेखांतील कबुली आम्हांस फार महत्त्वाची वाटते. केवळ आपल्या गणितावर विसंबणें पुरेसें नव्हतें. गर्दीचे भाव हेंहि ज्ञान समजून आपल्या गणितांत मिसळले, तेव्हां कोठें तें कामीं आलें. ज्या गर्दीस आपण मूर्ख समजतों ती सरासरीनें फारशी मूर्ख नसते!

पुण्याच्या छावणींत १८३० पासून शर्यतींचें मैदान आहे. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली ‘डेक्कन क्वीन’ प्रथम शनिवार-रविवारींच धावे, व तिच्या डब्यांत मुंबईच्या शर्यतशौकिनांचा भरणा असे. आपल्याकडे आतां वजन किलोग्रॅममध्यें मांडतात, पण टोपींतला हात तोच.

शेजाऱ्यांच्या एका वहींत जुन्या शर्यतपत्रिका दुमडून ठेवलेल्या सांपडल्या. त्यांवर वजनें छापलेलीं होतीं. आम्हीं पेन्सिलीनें तो राहिलेला रकाना आंखला व एका मोसमापुरता भरला. एक घोडा पहिल्या आठवड्यांत जिंकला होता. त्यानंतर त्याचें वजन दोनदां वाढलें आणि दोन्ही वेळां आमच्या शेजाऱ्यांनीं त्याच्यावर पूर्वींपेक्षां अधिक पैसे लावले. मग वजन हळूहळू उतरत गेलें. तें मूळ पदावर आलें त्या आठवड्याच्या पानावर त्यांनीं लिहिलें आहे, ‘याच्यांत आतां दम नाहीं. सोडला.’ खालीं त्या दिवसाचा निकाल त्यांच्याच अक्षरांत आहे. तोच घोडा पहिला आला होता.

वह्या आम्हीं मुलास परत केल्या. त्यानें तें पान बराच वेळ पाहिलें, आणि पेन्सिलीचा रकाना पुसूं नये असें आम्हांस सांगितलें.