गावरान, ब्रॉयलर आणि पिंजरा

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ढाब्यांच्या पाट्यांवर एक शब्द हटकून भेटतो: 'गावरान'. या शब्दासाठी गिऱ्हाईक खुशीने जादा पैसे मोजते. त्यात कोंबडीच्या मोकळ्या जगण्याची आठवण आहे खरी. पण पैसे मोजले जातात ते चवीसाठी.

पूर्वी हे विशेषण लावण्याची गरजच नव्हती. कोंबडी दिवसभर उकिरडा उकरी आणि रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली जाई. पाहुणा आला, देवाला कबूल केलेले असले, की कोंबडा कापला जाई. ते जग दयाळू होते असे मानू नये. मानमोडीची साथ आली की खुराडीच्या खुराडी रिकामी होत. मात्र पाळणारा आणि खाणारा बहुधा एकच असे. पक्षी कसा जगला, हे खाणाऱ्याला ठाऊक असे.

ही साखळी तुटली ती गेल्या पन्नास-साठ वर्षांत. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली आणि पुढे पुणे या व्यवसायाचे मोठे केंद्र झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली. अंड्याचा भाव उत्पादक एकत्र येऊन सुचवू लागले. सुमारे सहा आठवड्यांत दोन किलो भरणारा ब्रॉयलर शेडमध्ये वाढू लागला, अंड्यांची कोंबडी पिंजऱ्यात गेली. सणावारी शिजणारे मांस रविवारचे झाले. सामान्य घराच्या ताटात प्रथिने आली, हे या बदलाचे श्रेय नाकारता येणार नाही.

गंमत अशी, की कायदा या साऱ्याच्या आधीचा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. हालचालीस पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे त्याच्या ११ व्या कलमाने गुन्हा ठरवले. ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांचे 'अ‍ॅनिमल मशीन्स' १९६४ मध्ये निघाले आणि लोकक्षोभानंतर ब्रॅम्बेल समितीचा अहवाल आला १९६५ मध्ये. तिथे आधी ग्राहक हलला. इथे कायदा आला, ग्राहक जागचा हलला नाही.

याचे एक कारण चिकनच्या दुकानातच सापडते. आपल्याकडे गिऱ्हाईक जिवंत कोंबडी निवडते, समोर कापून घेते. मरण डोळ्यांसमोर असल्याने काही लपवले जात आहे, अशी शंकाच येत नाही. लपलेले असते ते शेडमधले आयुष्य.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. परिसरातील काही लाख पक्षी मारून पुरण्यात आले. चिकनचे भाव कोसळले, रेल्वेने ते जेवणातून काढले. विश्वास परत मिळवण्यासाठी व्यावसायिकांना ठिकठिकाणी फुकट चिकनचे मेळावे भरवावे लागले. ग्राहकाचा प्रश्न एकच होता: खाल्ले तर मला काही होईल का? भीती ओसरताच तो पुन्हा दुकानात आला. हजारो पक्षी दाटीवाटीने का ठेवतात, हा प्रश्न मागेच राहिला.

तो उचलला संस्थांनी. २०१२ मध्ये, म्हणजे युरोपीय संघात जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यांवर बंदी लागू झाली त्याच वर्षी, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने असे पिंजरे १९६० च्या कायद्याचा भंग करतात, असे राज्यांना कळवले. २०१७ मध्ये विधी आयोगाने २६९ व्या अहवालात कोंबड्यांसाठी नियमांचा मसुदाच दिला. दुकानासमोरच्या रांगेत त्याची चर्चा झाल्याचे दिसत नाही.

तीन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा पसरली आणि मागणी पुन्हा बसली. सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ एका व्यावसायिकाने सुमारे ६,००० पक्षी खड्ड्यात टाकून जिवंत पुरले. चित्रफीत सर्वत्र फिरली. बातम्यांत ठळक होता तो लाखोंचा तोटा.